परत पाठवलेली पत्रं

रविवार, २७ मे १९५६. बारामती

शाळा उघडायला पंधरा दिवस. मुली इंदापूरला वन्संकडे जाऊन बारा दिवस झाले. घर जागच्या जागी आहे. गाद्यांना ऊन दिलं, कपाटं लावली, शरूची नवी पुस्तकं आणून ठेवली. खाकी कागद आणला आहे, कव्हरं मात्र तिनेच घालायची. अकरा वर्षांची झाली. मालूची ट्रंक माळ्यावरून काढून पुसली. २० जूनला तिचं पुण्याचं कॉलेज उघडेल. इंटरचा निकाल त्याआधी लागावा. मी सेकंड क्लास धरून चालले आहे. हे म्हणतात फर्स्ट.

शरूचं इंदापूरहून पत्र आलं. दीड पान, अकरा चुका. लाल शाईने दुरुस्त करून दुपारच्या टपालाने परत. स्वच्छ प्रत चार दिवसांत यावी.

हे दवाखान्यात जाता जाता जिन्यावरून म्हणाले, 'तुला कुणी मरणाची तार केली तरी तू ती दुरुस्त करून परत पाठवशील.' मुली लिहू लागल्या तेव्हापासून घरात ही पद्धत आहे. माझ्या वडिलांची. मी पुण्याला बी. ए.ला होते तेव्हा माझं प्रत्येक पत्र असंच लाल होऊन परत येई. स्वच्छ प्रत गेली की मगच उत्तर. त्याने वळण लागतं. मालूला लागलं. जानेवारीपासून तिच्या एकाही पत्रात मला खूण करायला जागा मिळालेली नाही. सगळी डब्यात आहेत, तारीखवार.

मंगळ., २९ मे

ऊन फार. सकाळी सांडगे घातले, दहापर्यंत उरकलं.

ट्रंकेत मालूच्या प्रश्नपत्रिका सापडतील असं वाटलं होतं. नाहीत. एप्रिलमध्ये आली तेव्हा मागितल्या होत्या, म्हणाली बोर्डिंगवर राहिल्या. निष्काळजीपणा. तेव्हाही बोलले. पेपर कसे गेले, तर 'बरे'. तीनदा विचारलं, तीनदा 'बरे'. वाळली होती. यांनी टॉनिक दिलं.

आणि इंदापूरला जायचा हट्ट या वर्षी शरूचा नव्हता, मालूचा होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला लिंबाच्या बागेत काय करायचं असतं महिनाभर?

गुरु., ३१ मे

लासुर्ण्याचे तात्या दवाखान्यात आले होते. पायावर कुदळ बसलेली. वन्संच्या सासरकडचे, म्हणून पट्टी झाल्यावर चहाला आत आले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, 'वयनीसायेब, थोरलीचं आता कसं हाय? जेवती का?'

'न जेवायला काय झालं तिला?'

'न्हाय, थंडीत लई हाल झालं म्हनं पोरीचं. पोस्टमन वाचत हुता अन् अक्का पदरानं डोळं पुसत हुत्या. मीबी तितंच हुतो. लिंबाची रोपं न्यायला गेल्तो.'

काय वाचत होता, विचारलं.

'पत्र की. मालूबाईचं. दर आठवड्याला येत हुतं.'

मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी बशी हळूच खाली ठेवली. 'तुमाला ठावं आसंल म्हनून बोललो बगा.' पटका डोक्याला न गुंडाळताच गेले.

वन्संना अक्षर येत नाही. माझी मुलगी पुण्याहून दर आठवड्याला त्यांना पत्र लिहिते आणि ते पोस्टमन ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवतो. काय लिहिते?

शुक्र., १ जून

डबा काढला. जानेवारीपासूनची अकरा पत्रं. सगळी वाचली.

हवा चांगली आहे. अभ्यास चांगला चालला आहे. प्रकृती उत्तम. हीच तीन वाक्यं अकराच्या अकरा पत्रांत, फक्त जागा बदलून. मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण मी चुका शोधत होते आणि चुका नव्हत्या. म्हणजे वाचली आज पहिल्यांदाच.

यांना सांगितलं. हे म्हणाले, 'कुणी मुलगा वगैरे?' मलाही तेच वाटतं आहे. दुसरं काय असणार? उद्या सकाळच्या एस. टी.ने जाते. हे निघू शकत नाहीत, गावात गोवर आहे. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. थोडक्यात आणि स्पष्ट.

शनि., २ जून. इंदापूर

कळवलं नव्हतं. अकराला पोचले. बागेत तोडणी चाललेली. कडुनिंबाखाली पोत्यांवर लिंबांचे ढीग, बाया मोठी-बारकी वेगळी करताहेत आणि त्यांच्यात मालू. काडीला चिंधी गुंडाळून काळ्या रंगाने लिंबं भरलेल्या पाट्यांवर पुण्याच्या व्यापाऱ्याचं नाव लिहीत होती. सपासप. एक बाई काहीतरी म्हणाली तर मान मागे टाकून हसली. ते हसणं मी विसरले होते.

मला पाहिलं आणि उभी राहिली. हात पाठीमागे घेतला. लहानपणी बोटांची शाई लपवायची तसा.

एका पाटीवर नाव चुकलं होतं. तोंड उघडलं होतं मी. मिटलं. ती पाटी पुण्याच्या बाजारात तशीच गेली.

वन्संनी मुलींना विहिरीवर पाठवलं. 'बसा, वयनी. पानी प्या आदी.' मी म्हटलं, पाणी नको. मुलगा कोण ते सांगा.

'कसला मुलगा?' वन्सं हसल्याच. मग हसू गेलं. 'तसं आसतं तर बरं झालं आसतं. परीक्षा दिल्याली न्हाय तिनं.'

मी खाली बसले. कुठे बसले ते पाहिलं नाही, खाली लिंबं होती.

पुढचं त्यांनी सांगितलं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. दिवाळीनंतर मालूला झोप येईना. लिहायला बसलं की हात अडायचा. माझ्याकडे यायचं पत्र ती चार-चारदा फाडायची, खोलीतल्या मैत्रिणीकडून तपासून घ्यायची, मग पोस्टात टाकायची. तीन दिवस जायचे. वन्संना लिहायची ते मात्र एका बैठकीत. मार्चमध्ये पहिल्या पेपराला बसली. नंबर लिहिला आणि पुढे सहा ओळी. सहाही खोडल्या. उठून आली. दुसऱ्या पेपराला गेलीच नाही. त्या दिवशी वन्संना दोन ओळींचं कार्ड लिहिलं, अक्का ये. ते पोस्टमनने वाचल्यावर आमच्या वन्सं, ज्या माझ्या घरी यायलासुद्धा सोबत शोधतात, एकट्या पुण्याच्या गाडीत बसल्या.

'भितीकडं तोंड करून बसल्याली. चार दिस अन्न न्हाय. भाकरी कुस्करून भरवली मी तिला, ल्हान्या पोरीवानी. आठ दिस ऱ्हायले तितं.'

बोर्डिंगच्या बाईंनी कसं राहू दिलं?

'आई हाय म्हनलं.'

'काय?'

'मी हिची आई हाय म्हनलं. मग त्यांनी कागद पुढं केला. पोरगी आजारी हाय, पेपर देनार न्हाय आसं कायतरी लिवल्यालं. त्याच्यावर अंगठा दिला.'

पुण्याच्या त्या कार्यालयात, जिथे माझी सही हवी होती, तिथे अंगठा आहे. त्याच्याखाली 'विद्यार्थिनीची आई' असं लिहिलेलं असेल.

मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदाच. आम्हांला कळवायचं नाही? तिचा बाप डॉक्टर आहे! वन्सं शांतपणे लिंबं निवडत होत्या.

'कळवलं आसतं वो. पर तुमी लाल करून परत धाडलं आसतं.'

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता.

रवि., ३ जून. इंदापूर

सकाळी वन्संनी एक गाठोडं आणून पुढ्यात ठेवलं. माझी लाल पत्रं. म्हणजे तिची, मी परत पाठवलेली. डिसेंबरपर्यंतची सगळी. मालूने ती पुण्यात त्यांच्या हवाली करून जाळायला सांगितलं होतं.

'न्हाय जाळली. मला वाटलं, आईनं कुंकू लावून धाडल्यात. लगीनपत्रिकेला लावत्यात तसं.'

एक पत्र १८ नोव्हेंबरचं. शेवटच्या चार ओळी उतरवून घेते.

'आई, मला रात्री झोप लागत नाही. वर्गात लिहायला घेतलं की हात थांबतो. का ते कळत नाही. मी थोडे दिवस घरी येऊ का'

समासात माझं अक्षर: विषयाला सोडून. काय होतं ते कारणासह स्पष्ट लिही.

आणि 'येऊ का' पुढे लाल प्रश्नचिन्ह. तिचं द्यायचं राहिलं होतं, ते मी दिलं. उत्तर दिलं नाही.

मला हे पत्र आठवत नाही. हे मी सर्वांत आधी लिहायला हवं होतं. हात माझा, शाई माझी, आणि आठवत नाही.

दुपारी मालूशी बोलले. ती पाट्या बांधत होती, बांधतच राहिली. ठरवून आणलेलं सगळं निरुपयोगी. मी रागवेन असं वाटलं का, विचारलं.

'रागावली असतीस तर चाललं असतं, आई.'

तिने सुतळीची गाठ आवळली.

'पेपरात ओळ लिहिली की ती मला लाल दिसायची. म्हणून खोडली. मग दुसरी.'

मी म्हटलं, चल उद्या घरी. म्हणाली, नाही. कॉलेजचं काय? ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसता येतं, फॉर्म भरायला लागेल. 'बघू.' ही 'बघू' म्हणणारी मुलगी नव्हती. वीस तारखेला ट्रंक तरी न्यायची आहे की नाही?

'बघू म्हटलं ना.'

संध्याकाळी तात्या लंगडत आले. दारातूनच वन्संना म्हणाले, 'अक्का, वयनी मला श्या घालत आसतील.' मी आतून म्हटलं, तात्या, बसा. चहा मी केला. साखर विसरले. त्यांनी दोन कप तसाच घेतला.

सोम., ४ जून. बारामती

शरूला घेऊन परत. मालू गाडीपर्यंत आली होती. वन्सं म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या की. आपसूक यील.' आणि हे मालूबद्दल म्हणाल्या की आणखी कशाबद्दल, ते विचारायच्या आत गाडी सुटली.

गाडीत शरूला विचारलं, तुला माहीत होतं?

'सगळ्यांना माहीत होतं. पोस्टमनकाकांना, तात्यांना, तोडणीच्या बायांना. तुला न् बाबांनाच नव्हतं.' कैरीची फोड खात होती.

मग मी विचारलं, तूसुद्धा अशी पत्रं कुणाला लिहितेस का?

लासुर्णं आलं होतं. ती खिडकीतून उसाची गाडी बघत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. धीर झाला नाही, असं लिहिते.

घरी आल्यावर डब्यातली १८ नोव्हेंबरची स्वच्छ प्रत काढली. त्या चार ओळींच्या जागी: प्रकृती उत्तम आहे. काळजी नसावी.

मंगळ., ५ जून

यांना सगळं सांगितलं. पेशंट बाहेर थांबले होते, पण हे उठले नाहीत. माझ्यावर बोलतील असं वाटलं होतं. तेवढ्यासाठीच दार लावून घेतलं होतं मी.

म्हणाले, 'मी तर समोर बसून नाडी पाहिली होती तिची. टॉनिक दिलं.'

मग, 'अंगठा दिला अक्कानं?' आणि हसले, पण ते हसणं नव्हतं. त्यांना शिकवायला अक्का शेतात राबल्या होत्या. हे मला लग्नात सांगितलं होतं. आज आठवलं.

शुक्र., ८ जून

निकाल लागला. शरूच्या शाळेचे हेडमास्तर वर्तमानपत्र घेऊन स्वतः आले, चष्मा चढवूनच. 'मालतीचा नंबर सांगा, बाई. मला दुसऱ्या श्रेणीच्या खाली बघायचंच नाही.'

मी सांगितलं, तिने परीक्षा दिली नाही.

पहिल्यांदा उच्चारलं. ते म्हणाले, आजारी होती का? मी म्हटलं, हो. मग वाटलं, हेही विषयाला सोडून झालं. म्हणून म्हटलं, माझ्या भीतीने. हेडमास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली आणि सरबत न घेता गेले. आता गावभर होईल. होऊ दे. इंदापूरला झालंच आहे.

दुपारभर एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमचा पहिला मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला, तेव्हा मी वडिलांना पत्र लिहिलं होतं. चार ओळी. कच्चं लिहून, तपासून मग शाईने केलं. मूल गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कच्चं लिहून तपासलं. त्यांचं उत्तर आलं: पत्र निर्दोष आहे. धीर धरावा.

इतकी वर्षं ते उत्तर मी अभिमानाने जपून ठेवलं आहे. त्याच डब्यात, सगळ्यांत खाली.

सोम., ११ जून

शाळा उघडली. शरू गेली. पुस्तकांना कव्हरं तिनेच घातली, वाकडी. कात्री मागितली नाही, हाताने कागद फाडले. मी नावं घालून देऊ का, विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेतला पहिलाच प्रश्न आहे. 'तू घाल. म्हणजे नीट होतील.' मी म्हटलं, नको, तूच घाल. तर तिचा चेहरा उतरला. आता कुठलं उत्तर बरोबर आहे ते मलाही कळेना.

तिची दीड पानाची स्वच्छ प्रत अजून मागितलेली नाही. तीही देत नाही. दोघी वाट बघतो.

मंगळ., १२ जून

मालूला पत्र लिहिलं. चारदा. चौथ्यांदा लक्षात आलं, मी चांगलं पत्र लिहायच्या मागे लागले आहे. सगळं फाडून पाचवं एका दमात लिहिलं. न वाचता पाकिटात घातलं, स्वतः जाऊन पेटीत टाकलं. पेटीत पडल्याबरोबर परत हवंसं वाटलं.

आठवतं ते असं: ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा असेल तर भर, नसेल तर नको. पुण्याला जायचं असेल तर बाबांबरोबर जा, मी येणार नाही. वन्संकडे राहायचं तर राहा. माझं चुकलं. तू ये.

मालू ते ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवेल. वाचू दे.

शनि., १६ जून

इंदापूरहून जाडसर पाकीट. मालूचं अक्षर, पाट्यांवरचं, तिरपं. मी उभ्या उभ्याच फोडलं.

आत माझंच पत्र. परत.

लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेलं. सात चुका काढल्या आहेत. सातही बरोबर आहेत. घाईत लिहिलं होतं. फॉर्मच्या ओळीवर काही नाही. पुण्याच्या ओळीवर काही नाही. 'माझं चुकलं' याच्याखाली रेघ, दोनदा ओढलेली, कागद थोडा फाटला आहे. समासात:

काय? कारणासह स्पष्ट लिही.

'तू ये' वर खूण नाही. बरोबर म्हणून सोडलं, की वाचलंच नाही? पाकीट उलटं करून झटकलं. दुसरं काही नव्हतं.

यांना दाखवलं. मोठ्याने हसले, एप्रिलनंतर पहिल्यांदा. 'पोरगी ताळ्यावर आली! थट्टा करते आहे तुझी.' शरू त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, 'थट्टा नाहीये. ताई फार रागावली आहे.' मी दोघांकडे पाहिलं. रेघ बोटाने चाचपली. मला सांगता येत नाही. स्वतःच्या मुलीचं अक्षर मला लावता येत नाही.

बुधवारी कॉलेज उघडेल. ट्रंक दाराशी आहे, अजून माळ्यावर ठेवलेली नाही.

पद्धत माझीच आहे. स्वच्छ प्रत पाठवली पाहिजे, आणि या वेळी कारणासह. नोव्हेंबरपासून सुरुवात करावी की त्याच्याही आधीपासून, ते ठरत नाही. जेवणानंतर कागद घेऊन बसले. 'चि. मालूस' इथपर्यंत झालं आहे.